इथे सही कर

कणकेने भरलेले हात, गॅसवर तापलेला तवा आणि स्वयंपाकघराच्या दारात बूट घालून उभा असलेला नवरा. त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा, पेनचे टोपण आधीच काढलेले. "इथे सही कर. इथे. आणि मागच्या पानावर." ती पदराला हात पुसते, त्याने बोट ठेवलेल्या जागी नाव लिहिते आणि तव्याकडे वळते. कागद गृहकर्जाचा होता, मुदतठेवीचा होता की कोणाला जामीन राहिल्याचा, हे तिने विचारलेले नसते आणि त्यानेही सांगितलेले नसते. दोघांना त्यात काही वावगे वाटत नाही. एकमेकांवर विश्वास आहे, मग विचारायचे काय?

माझ्या आत्याचाही काकांवर असाच विश्वास होता आणि काकांनी तो कधी मोडला नाही. सरळमार्गी, निर्व्यसनी, संसाराला जपणारे गृहस्थ. पगार झाला की घरखर्चाची रक्कम आत्याच्या हातात, बाकीचा विचार काकांच्या डोक्यात, अशी तीस वर्षांची रीत. काका एका पहाटे अचानक गेले. दिवसकार्य उरकल्यावर लोखंडी कपाटाचा आतला कप्पा उघडला आणि सतरंजीवर कागद पसरले गेले. आत्या एकेक कागद हातात घेई, शेवटची ओळ पाही आणि बाजूला ठेवी. मग म्हणाली, "ह्या सगळ्यांवर माझ्या सह्या आहेत, आणि मला यातलं एक अक्षर ठाऊक नाही."

संसाराच्या पैशाची चर्चा निघाली की आपण कमावते कोण आणि खर्च करते कोण, एवढेच बोलतो. त्या दिवसापासून मला तिसरा प्रश्न मोठा वाटतो: ठाऊक कोणाला आहे? आत्याच्या सतरंजीवरच्या कागदांपैकी तीन कागद मी इथे उलगडून ठेवते. जवळजवळ प्रत्येक मराठी मध्यमवर्गीय घरात ते असतात.

पहिला कागद मुदतठेवींचा. दोन ठेवी दोघांच्या नावे होत्या आणि पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे शब्द होते. म्हणजे दोघांपैकी कोणीही, आणि एक जण गेल्यास जो हयात असेल तो. या ठेवींचे पैसे मृत्यूचा दाखला आणि साधा अर्ज दिल्यावर मुदतीनंतर आत्याला मिळाले. तिसरी ठेव एकट्या काकांच्या नावे होती, नामांकनाचा रकाना कोरा. त्या एका ठेवीसाठी वारसांची प्रतिज्ञापत्रे, जामीन, पुन्हा पुन्हा फेऱ्या. रक्कम मोठी असती तर कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागले असते. तीन पावत्यांत फरक होता तो तीन शब्दांचा आणि एका कोऱ्या रकान्याचा. ठेव ठेवायला काकांना अर्धा तास लागला असेल. रकाना भरायला आणखी एक मिनिट लागले असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नामांकन करता येते आणि कोणाला किती टक्के हेही लिहिता येते. तेव्हा आता तर ती जागा रिकामी ठेवायला काहीच कारण नाही.

दुसरा कागद पाहून आत्या रडली. तो सोसायटीच्या नामांकनाचा होता. फ्लॅट काकांनी लग्नाआधी घेतलेला, आणि तेव्हा नामांकनात धाकट्या भावाचे नाव लिहिलेले. ते पुढे बदलायचे राहून गेले. "म्हणजे घर भावोजींचं झालं?" हा तिचा प्रश्न. तिच्या जागी असलेल्या शंभरातल्या नव्वद जणी हाच प्रश्न विचारतील, आणि उत्तर चुकीचे मिळाले तर मुकाट्याने मानतीलही.

उत्तर असे आहे. नामांकित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. तिने मालमत्ता किंवा पैसे ताब्यात घ्यायचे आणि खऱ्या वारसांना पोचवायचे. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात १९८४ साली विम्याच्या पैशांबाबत हे सांगितले आणि २०२३ साली कंपनीच्या समभागांबाबतही तेच म्हटले. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ च्या कायदेदुरुस्तीने तर नामांकित व्यक्तीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद एवढीच जागा दिली. (विम्याच्या बाबतीत २०१५ साली नियम बदलला आणि आईवडील, पती-पत्नी, मुले यांपैकी कोणी नामांकित असेल तर तिला लाभाचा हक्कदार मानले; पण त्यावरही खटले चालतात.) भविष्य निर्वाह निधीचा नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. तिथे लग्नाआधीचे नामांकन लग्न होताच रद्द समजले जाते, नवे भरावेच लागते. नोकरीला लागताना आईचे किंवा भावाचे नाव लिहिणारे आणि लग्नानंतर तो अर्ज विसरणारे किती जण असतात, हे तो नियम करणाऱ्यांना ठाऊक असावे.

मग वारस कोण? इथे आत्याला दुसरा धक्का बसला. नवऱ्यामागे सगळे बायकोचे, असा समज आपल्याकडे सरसकट आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा तसे म्हणत नाही. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई या सर्वांना सारखा वाटा. काकांच्या मागे आत्या, एक मुलगा, एक मुलगी आणि ऐंशी वर्षांच्या सासूबाई होत्या. म्हणजे आत्या राहत होती त्या घरात तिचा हिस्सा चार आण्यांचा.

बाईच्या मालमत्तेचा हिशेब याहून वेगळा आहे, आणि तो नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीने एकदा नीट वाचावा असे मला कळकळीने वाटते. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली तर तिची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांना. ती दोन्ही नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर तिच्या स्वतःच्या आईवडिलांना. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी, मुले नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परतते. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटला मात्र पहिलाच क्रम लागू. ज्या आईने मुलीला शिकवून कमावती केली, ती आई रांगेत दिराच्याही मागे उभी. दोन ओळींचे मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार एवढ्याने हा क्रम बदलता येतो.

तिसरा कागद गृहकर्जाचा. काकांनी पुढे मोठ्या फ्लॅटसाठी कर्ज घेतले होते आणि त्यावर आत्या सहकर्जदार होती. सहकर्जदार आणि सहमालक हे शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून घोटाळा होतो. सहकर्जदार म्हणजे हप्ता थकला तर संपूर्ण रकमेला जबाबदार. अर्ध्याला नव्हे, संपूर्ण. तिचा सिबिल स्कोअरही त्याबरोबर खाली जातो. सहमालकी मात्र कर्जाच्या कागदावरून येत नाही. ती येते नोंदणी केलेल्या करारनाम्यातून, ज्याचा गोषवारा आपण 'इंडेक्स टू' म्हणून ओळखतो. त्या कागदावर खरेदीदार म्हणून एकट्या काकांचे नाव होते. कर्जात आत्या पूर्ण, घरात शून्य. आणि पहिला हप्ता भरायला तिच्या पाटल्या मोडल्या होत्या, ज्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

सोने मोडून घर उभे करणे ही आपल्याकडची इतकी रुळलेली गोष्ट आहे की तिच्याकडे व्यवहार म्हणून कोणी पाहतच नाही. कायदा पाहतो. स्त्रीधन ही फक्त तिची मालमत्ता आहे, नवऱ्याची नाही आणि दोघांची मिळूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच हे स्पष्ट केले. पण कायद्यालाही दाखवायला काहीतरी लागते. सोनाराची पावती, मोडीचे वजन, ती रक्कम कोणत्या खात्यात गेली त्याची नोंद. हे सांभाळणे म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, असे मुळीच नाही. बिल्डरला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आपण सांभाळतोच ना!

घरावर किंवा जमिनीवर बाईचे नाव लागावे म्हणून महाराष्ट्रात बरेच प्रयत्न झाले. एप्रिल २०२१ पासून राहते घर फक्त महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवराबायकोने जोडीने घेतले तर ती नाही. चांगल्या हेतूची योजना आहे, पण तिचा एक परिणाम मला खुपतो. सवलतीसाठी घर तिच्या नावे होते आणि व्यवहार कळतो फक्त त्याला. 'इंडेक्स टू'वर नाव आले तरी जुनी रीत सुटत नाही.

याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी शेतकरी संघटनेने एक वेगळी वाट धरली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या हाताने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर जणांनी असे केले ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. मला या मोहिमेतले सर्वांत मोलाचे वाटते ते गावाने मिळून करणे. एकट्या नवऱ्याने बायकोचे नाव लावले तर चावडीवर त्याला बोल ऐकावे लागतात; शंभर जणांनी लावले की ती गावाची रीत होते. दुसरीकडे त्याच सातबाऱ्यावरून बहिणींची नावे हक्कसोडपत्राने उतरवली जातात, तेही बहुधा सणासुदीला माहेरी आल्यावर आणि बहुधा "ताई, इथे सही कर" एवढ्याच शब्दांत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तो एका सहीत जातो.

शेजारच्या गोव्यात ही गोष्ट निराळ्या टोकापासून सुरू होते. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही तिचा कुटुंबविषयक भाग कायम राहिला. हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारपुढे साधारणपणे दोन टप्प्यांत होते: आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा, मग हरकतीचा काळ गेल्यावर पुन्हा जाऊन पक्के करायचे. म्हणून गोव्यात लग्नघरी 'पहिली सही', 'दुसरी सही' असे शब्द कानावर येतात. मांडवातल्या सोहळ्याआधी सह्या होतात, आणि त्या सह्यांनी मालमत्तेचाही निकाल लागतो. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र होते, तिच्याकडून आलेली आणि त्याच्याकडून आलेलीही. प्रत्येकाचा अर्धा. घर विकायचे तर दोघांची संमती हवी. एक जण गेला तर दुसऱ्याचा अर्धा वाटा आधीच त्याचा असतो. वारसांत वाटला जातो तो उरलेला अर्धा.

आत्याचा हिशेब म्हापशात किंवा मडगावात मांडला असता तर तिला अर्धे घर वारसाहक्काच्या दारात न जाताच मिळाले असते.

आयकर खातेही गोव्यात हे जोडपे वेगळ्या नजरेने पाहते. आयकर कायद्याप्रमाणे गोव्याच्या या पद्धतीतल्या नवराबायकोचे घरभाडे, व्याज किंवा धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे धरले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचा. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला पैसे भेट दिले आणि तिने ते ठेवीत ठेवले, तर त्यावरचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. तेरेखोलची खाडी ओलांडली की त्याच व्याजाचा हिशेब बदलतो.

तरी गोव्याचे चित्र फार गुलाबी रंगवणे बरोबर नाही. मूळ संहितेने मालकी दोघांना दिली, पण कारभार नवऱ्याकडे ठेवला. मालकी अर्धी असूनही बँकेचे पासबुक कधी न उघडलेली बाई त्यामुळे तिथेही भेटते. कायद्याने वाटा मिळतो. तो किती आहे आणि कुठे आहे, हे कोणीतरी घरात बसून सांगावे लागते.

आता त्याच घराची दुसरी बाजू. काकांना काय ठाऊक नव्हते?

आत्याच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेले असे आणि तारखांच्या चौकोनांत तिचे बारीक अक्षर. दूध एक लिटर, दोन दिवस खाडा. सिलिंडर लावला. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या. मुलीची फी दहा तारखेच्या आत. कामवालीला दिवाळीचे आगाऊ. हे सगळे डोक्यात धरून ठेवणे हेही काम आहे, आणि ते कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत, घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला २८९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा कमी झाला. मधले अंतर मात्र तसेच, दोनशे मिनिटांच्या आसपास.

या मिनिटांची किंमत न्यायालयांना करावी लागते, ती बाई अपघातात गेल्यावर. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरत. म्हणजे शिपायाच्या घरची भाकरी स्वस्त आणि साहेबाच्या घरची महाग. जमशेदपूरला १९८९ साली झालेल्या आगीच्या दुर्घटनेतल्या गृहिणींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिन्याला ३,००० रुपये असा अंदाज धरला. जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी २०११ च्या जनगणनेचा आकडा निकालपत्रात नोंदवला: घरकाम हा मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, पुरुष सुमारे ५८ लाख. गृहिणी काही कमावत नाही ही समजूतच चुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे. हा निकाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आत्याचे ते कॅलेंडर आले.

बायकांच्या हातात एक खाते मात्र कायम स्वतःचे असते: डब्यातले. घरखर्चातून वाचवलेले, माहेरून मिळालेले, साडी न घेता बाजूला टाकलेले पैसे. तांदळाच्या पिंपात, देव्हाऱ्याखाली, जुन्या शालूच्या घडीत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हे पैसे एकदम उजेडात आले. नवऱ्यापुढे ते काढून ठेवताना कित्येकींना चोरी पकडल्यासारखी लाज वाटली, याचे मला आजही वाईट वाटते. ती चोरी नव्हती. अडीअडचणीला घर सावरणारी ती शिल्लक होती, आणि अनेक घरांनी ती याआधीही आजारपणात, नोकरी सुटल्यावर वापरलेली होती. ज्या घरात दोघांनाही स्वतःच्या नावे थोडी रक्कम उघडपणे ठेवता येते, तिथे ती लपवावी लागत नाही. खात्यांची विभागणी विचारणाऱ्या नव्या जोडप्यांना मी म्हणूनच तीन खाती सुचवते: घराचे एक, दोघांच्या सह्यांनी चालणारे, आणि प्रत्येकाचे एकेक, ज्याचा जाब दुसऱ्याने मागायचा नाही. घराच्या खात्यात दोघांनी सारखी रक्कम घालायची की पगाराच्या प्रमाणात? प्रमाणात. ऐंशी हजार आणि तीस हजार कमावणाऱ्यांनी वीस-वीस हजार घातले तर एकाचा चौथा हिस्सा जातो आणि दुसरीचा दोनतृतीयांश. त्याला समानता म्हणता येणार नाही.

आणि वर्षातून एक संध्याकाळ वह्या बदलायच्या. त्याने ठेवी, विमा, कर्ज, नामांकन, पासवर्ड कुठे लिहिले आहेत ते तिला दाखवायचे. तिने कॅलेंडर त्याच्या हातात द्यायचे. शक्य असेल तर पुढचा महिनाभर कामेही बदलायची: गोळ्या त्याने आणायच्या, हप्ते तिने भरायचे. मी पाहिलेल्या एका घरात बाई आधी गेली. मागे राहिलेल्या आजोबांना आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांची नावे ठाऊक नव्हती, कारण चाळीस वर्षे त्या वाटीत काढून समोर येत होत्या.

आत्याच्या घराचे पुढे असे झाले. दिरांनी नामांकनावर काही हक्क सांगितला नाही. मुलांनी आपले हिस्से आईच्या नावे सोडायचे ठरवले, आणि सासूबाईंनीही सोडावा असे सर्वांनी धरून चालले. वकिलांनी हक्कसोडपत्र तयार केले. दुय्यम निबंधकाकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा कागद आणि पेन घेऊन आजीच्या खाटेशी गेला. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि सासूबाईंना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवू लागली. मालमत्तेचे वर्णन, चतुःसीमा, सगळे. तिसऱ्या पानावर सासूबाईंनी तिला थांबवले.

"म्हणजे हे दिलं की घरात माझं काही नाही?"

"कागदावर नाही," आत्या म्हणाली.

"उद्या तू गेलीस माझ्याआधी, तर?"

आत्याने कागद मिटला. तो वकिलांकडे परत गेला, मुलांच्या हक्कसोडपत्राचा मसुदा वेगळा झाला, आणि सासूबाईंचे चार आणे त्या होत्या तोवर त्यांच्याच नावावर राहिले.